धोंडीची बोळवण

घरात फोडणी न्हाई म्हंजे काय असतं, ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळावं. उन्हाळा सरत आला तरी आमच्या वलवणच्या घरात तेलात मोहरी तडतडली न्हवती. पांचट वरण, उकडलेली भाजी, वर दहीभात, की झालं जेवान. चुलीपुढं बसायची मी, घरातली धाकटी सून शालू, आन जेवताना समद्यांची वाकडी तोंडं बघायची ती बी मीच. माझा सोभाव मुळात तापट. त्यात पोटात तिखट न्हाई, मग मी दिसंल त्याच्यावर वसकायची.

ह्या समद्याला कारण आमची धोंडी. माझी थोरली जाऊ विठाबाई, तिची ही लेक. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव धोंडाबाई ठिवलं. दगडधोंड्याला कोण उचलून नेतंय, असा इचार. पोर मोठी गुणाची. शेळ्या वळायची, सांगंल ते काम करायची, घरात हाय का न्हाई तेबी कळायचं न्हाई. विठाबाई तिला उठता-बसता रागं भरायची, आन ती गालात हसून पळायची.

फाल्गुनात तिला देवी आल्या. आता त्याच्या आदल्या साली वडगावाहून देवी टोचणारा गावात आला हुता. त्या दिशी आमच्या सासऱ्यानं, आबांनी, पोरीला भाताच्या कणगीत बसवून वर झाकण टाकलं. का, तर टोचलं म्हंजे पोरगी रडंल. मग आता काय झालं? मी तोंडावर बोलले त्यांना. सून असून बोलले. माझ्या तोंडावर लहानपणच्या देवीचं वण हायेत, मला ठावं हाय त्यो ताप कसा असतो.

पर एकदा देवी घरात आली की तिचा मान ठिवावाच लागतो. दाराला लिंबाचा डहाळा लागला. फोडणी बंद, तळण बंद, बाप्यांची दाढी बंद, वहाणा उंबऱ्याभाईर. आन जिच्या अंगात देवी, तीच देवी. काल जिला मी "ए धोंडे, शेण उचल" म्हणत हुते, तिला हात जोडून "आई, दूध घ्या" म्हणायला लागले. ती मागंल ते द्यायचं. तिला न्हाई म्हणायचं न्हाई, रागं तर भरायचंच न्हाई. देवी कोपली तर पोर घिऊन जाती. विठाबाई पोरीच्या पायाशी बसून ऱ्हायची, हात जोडलेलं, तोंडात "आई, सांभाळ" एवढंच.

देवीनं सांभाळलं, खोटं कशाला बोलू. फोड वाळलं, खपल्या पडल्या, लिंबाच्या पाण्यानं पोरीला न्हाऊ घातलं. उठून बसली, भिंत धरून चालायला लागली. मी मनात म्हणले, चला, आता बोळवण झाली की लसणाची फोडणी.

बोळवण म्हंजे देवीचा मानाचा निरोप. सुपात हिरवा खण, बांगड्या, नारळ आन दहीभात मांडायचा, वाजत गाजत गावच्या शिवंवर न्यायचा, तितं ठिवायचा आन माघारी फिरायचं. फिरलं की मागं वळून बघायचं न्हाई. बघितलं तर देवी संगं परत येती. हे समदं आमच्याकडं नथू भगत करायचा. त्यो अंगणात आला, माझ्याच पाखडायच्या सुपात समदं मांडलं, डफ वाजवला आन मोठ्यानं म्हणला, "चला, देवीला शिवंभाईर सोडून येऊ. मागं कुणी बघायचं न्हाई."

आमच्या गुणी धोंडीनं मधल्या खांबाला अशी मिठी मारली की तिघांना सुटंना. "मी न्हाई जायची," म्हणून तिनं जो हंबरडा फोडला, त्यो गावाजवळच्या धरणाच्या भिंतीवर आपटून परत आला. नथू भगतानं डफ खाली ठिवला, डोळं मिटलं, मान डोलवली आन सांगितलं की देवीची मर्जी न्हाई. तिला हितं बरं वाटतंय. ऱ्हाऊ द्या तिला.

बरं वाटतंय म्हणे. मला न्हवतं बरं वाटत. पर इचारतंय कोण?

त्या दिशीपासनं आमच्या घरात देवीचं राज्य सुरू झालं. पोरगी साफ बदलली. जरा काय झालं की रडायची, रडणं थांबलं की ताट भिरकावायची, ताट उचलून दिलं की परत रडायची. आईला इहिरीवर सुदिक जाऊ देईना. तिच्या पदराला आपल्या परकराची गाठ मारून बसायची, आन विठाबाई चुलीकडं निघाली की मागं फरफटत यायची. शेळ्यांचं नाव काढायची न्हाई. झोपली की दचकून उठायची आन घरातल्या समद्या माणसांच्या तोंडावरनं हात फिरवून बघायची. मी एकदा डोळं उघडलं तर माझ्या नाकात तिचं बोट.

आन हुकूम तरी कसलं! देवीला कोंबडा आरवलेला चालायचा न्हाई. मग आबा पहाटं उठून कोंबड्यावर टोपली टाकून त्यावर बसून ऱ्हायचं. देवीला म्हस घरात पायजे. म्हस घरात आली, माझ्या चुलीपुढं शेण टाकून गेली, आन आबा म्हणलं, प्रसाद हाय. देवीला लोणावळ्याची गुडदाणी, ती गुळा-दाण्याची, पायजे. मी म्हणले, कुठल्या शितळाआईनं आजवर गुडदाणी मागितली हुती? तर समदी माझ्याकडं असं बघायला लागली, की मीच पोरीच्या जिवावर उठलेय.

पर सगळ्यात मोठा हुकूम वहाणांचा. थोरलं भाऊजी, रखमाजी, धोंडीचा बाप, धरणावर चौकीदारीला जायचं. एक दिशी देवीनं सांगितलं, घराभाईर जाणाऱ्यानं आपली एक वस्तू तिच्यापाशी ठिवून जायची. भाऊजींची एक वहाण ठिवून घेतली. मग काय, एवढा मिशाळ बाप्या, एका पायात वहाण आन एक पाय अनवाणी, असा लंगडत लंगडत धरणावर जायचा. मुकादमानं इचारलं, हे काय? तर म्हणलं, देवीची आज्ञा. आमच्या धन्यांचं पागोटं ठिवून घेतलं. त्यांचं नाव मी घेत न्हाई, पर गाव त्यांना महिपती म्हणतं. आबांची काठी ठिवून घेतली, म्हंजे आबांचं भाईर जाणंच खुंटलं. आन माझी मिश्रीची डबी. दातावर मिश्री न्हाई आन आमटीत फोडणी न्हाई, मग माणसानं जगावं कशापायी, सांगा?

त्यातनं दाढ्या वाढलेल्या. भाऊजी गुडदाणी आणायला लोणावळ्याच्या बाजारात गेलं, तर एका म्हातारीनं त्यांना साधू समजून पाय धरलं. एक पाय अनवाणी, दाढी छातीवर, ती तरी काय करील? सुनंला मूल कदी होईल, म्हणून तिनं इचारलं. भाऊजी गरीब माणूस, त्यांना न्हाई म्हणता येईना. म्हणलं, हुईल. पुढं त्या सुनंला जुळं झालं म्हणत्यात, पर ते ऱ्हाऊ द्या.

आन ह्या समद्यात माझं पाखडायचं सूप गायब. बोळवणीच्या दिशी हुतं, दुसऱ्या दिशी न्हाई. तांदूळ पाखडायचं कशात? मी घर धुंडाळलं, गोठा धुंडाळला. धोंडीला इचारलं तर देवीनं तोंड फिरवून घेतलं.

शेवटी माझी सहनशक्ती संपली. एका दुपारी घर सुस्तावलं हुतं. विठाबाई भिंतीला टेकून पेंगत हुती, गाठ मारलेला पदर पोरीच्या मुठीत. मी गुपचूप कढई उचलली, गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडली, तेल ओतलं. मोहरी टाकली. ती तडतडली तवा माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मग लसूण, मग लाल मिरची. शपत सांगते, त्या वासापुढं काशी फिकी.

आधी आमचं धनी आलं. चुलीशेजारी उकिडवं बसलं. मागनं भाऊजी, एका वहाणंवर. मग आबा, काठीवाचून, भिंत धरत, खांब धरत, म्हशीला धरत. ज्या माणसाला परसाकडं जायला दोघांचा आधार लागायचा, त्यो फोडणीच्या वासावर गोठ्यामागं पोचला. तिघं दाढीवालं कढईभवती बसलं आन डोळं मिटून वास घ्यायला लागलं. भाईरच्या कुणी बघितलं असतं तर होमच चाललाय म्हणून पाया पडला असता.

"काकी."

मी मान वर केली तर गोठ्याच्या कोपऱ्यावर धोंडी उभी. तिघांनी झटक्यानं हात जोडलं. आबा तर कढईलाच हात जोडून बसलं. मी म्हणले, झालं, आता देवी कोपणार. पर धोंडी कोपली न्हाई. तिचा खालचा व्हट थरथरायला लागला.

"फोडणी दिली म्हंजे आता देवीला सोडून येणार ना?"

मी म्हणले, व्हय, कदी ना कदी सोडावंच लागंल.

"मला नको सोडू, काकी. तुझी डबी देते. बाबाची वहाण देते. कायबी मागणार न्हाई. मला शिवंवर एकटीला ठिवून तुमी समदी जाणार, आन मागं वळून बघणार बी न्हाई."

मला आधी उमजंच ना. मी म्हणले, अगं, सोडायचंय देवीला, तुला कोण सोडतंय?

ती माझ्याकडं अशी बघत ऱ्हायली की माझीच अक्कल ठिकाणावर न्हाई. "मीच हाय की देवी. नसते तर आई मला रागं भरली असती. आधी रोज भरायची. आता नुसतं हात जोडती."

पळी हातातच ऱ्हायली, लसूण करपला. वहाण, पागोटं, काठी, डबी. आपली माणसं आपल्याला टाकून पळू नयेत म्हणून एवढ्याशा पोरीनं समद्या घराचं तारण ठिवून घेतलं हुतं, आन आमी त्याला देवीची लीला म्हणत बसलो. मी तिला उचलून घेतली. पिसागत हलकी झालती पोर. तिला सांगितलं, देवी येगळी, तू येगळी. तुला कुणी शिवंवर सोडून येणार न्हाई. तिनं ऐकून घेतलं, पर पटलं न्हाई. तिचं एकच, मग आई का रागं भरत न्हाई?

मी घरात गेले आन विठाबाईला हलवून उठवलं. समदं सांगितलं. म्हणले, बाई, पोरीला चांगली खडसावून रागं भर, आत्ताच्या आत्ता.

विठाबाई पांढरी पडली. "शालू, माझी जीभ न्हाई उचलत. आधीच्या दोघांना मी एक शब्द बोलले न्हवते, तरी गेली. हिला काय बोलले आन देवीनं ऐकलं, तर?"

मी भाईर येऊन बाप्यांना सांगितलं.

मग बाप्ये म्हणलं, आमी भरतो रागं. आबा म्हणलं, मी घरातला थोरला, मीच सुरुवात करतो. त्यांनी घसा खाकरला, मिशीवर हात फिरवला, "ए धोंडे" म्हणलं, आन धोंडीनं वर बघितल्याबरुबर हात जोडून मोकळं झालं. भाऊजी म्हणलं, "धोंडे, तू लय... तू लय वाळलीस गं," आन रडायलाच लागलं. आमच्या धन्यांनी डोळं वटारलं, पर पागोट्यावाचून त्यांचं टक्कल असं काय चमकत हुतं की पोरगी जरा हसली. मी मातर भरलं रागं. माझं काय, मी सवयीची. पर धोंडी म्हणली, तुझं न्हाई चालत, काकी, तू तर देवी असताना बी पुटपुटायचीस.

शेवटी तिच्याशी करार झाला. बोळवणीला ती सोता येणार, आईचा पदर धरून जाणार आन पदर धरून येणार. नथू भगत म्हणला, अशी रीत न्हाई, देवी आपल्याच बोळवणीला चालत गेल्याली आजवर कुणी बघितली न्हाई. मी त्याला आमच्यात जेवायला बसवलं आन पांचट वरण वाढलं, परत वाढलं, अजून वाढलं. हात धुताना म्हणला, चालंल.

धोंडीनं सूप आणून दिलं. आबांनी तिला ज्या कणगीत लपवली हुती, त्याच कणगीत तिनं ते भाताच्या खाली पुरलं हुतं. सुपात खण मांडला, बांगड्या, नारळ, दहीभात, आन देवीला आवडती म्हणून गुडदाणी. डफ वाजला. आमी निघालो, फुडं नथू भगत, मागं तीन दाढ्या, मग मी, आन विठाबाईच्या पदराला लोंबकळत धोंडी.

गावची शीव धरणाच्या वरल्या अंगाला, जांभळीच्या झाडापाशी. तितं सूप ठिवलं, समद्यांनी नमस्कार केला. भगत म्हणला, फिरा, आन मागं बघू नका. आमी फिरलो. चालायला लागलो. जरा पुढं आलो न्हाई तवर विठाबाईचं पाऊल थांबलं.

"शालू," ती बारीक आवाजात म्हणली, "माझा पदर हलका लागतोय."

समद्यांची पावलं जागच्या जागी. माना ताठ. मागं बघायची कुणाची छाती न्हाई. आबा डोळं फिरवून फिरवून मागं बघायला बघत हुतं, पर डोळं काय तेवढं फिरत न्हाईत. मागनं नुसता आवाज येत हुता, कुडुम, कुडुम.

मी विठाबाईच्या शेजारीच हुते. तिचं तोंड मला दिसत हुतं. भ्यालेली हुती ती, लय भ्यालेली. देवी माघारी आली तर ही तिसरी बी जायची. आन ती वळली. भगत "बाई, बाई" म्हणून वरडला, तवर ती पळाली बी. ती वळली म्हणल्यावर मग मी कशाला थांबते, मीबी वळले.

जांभळीच्या मुळीवर धोंडी बसली हुती. सूप मांडीवर, गाल फुगलेलं, हातात देवीच्या निवदाची गुडदाणी. डोळं मातर आमच्या वाटंवर.

"धोंडे!" विठाबाईचा असा चढलेला आवाज मी कितीक महिन्यांनी ऐकला. "भवाने, देवाचा निवद खातीस? लाज हाय का न्हाई? ऊठ आदी, ऊठ!" आन पाठीत एक धपाटा दिला. धपाटा दिला आन मग तिचं तोंड काय थांबंना. दूध पीत न्हाईस, पदराला गाठी मारतीस, सूप कणगीत पुरतीस, बापाला अनवाणी पाठवतीस. "आन एवढा ताप आणतीस व्हय गं? जीव घेणार हुतीस माझा?" एवढं म्हणली आन तिथंच खाली बसून तिनं पोरीला उराशी धरलं, आन रडत रडत अजून रागं भरतीच हाय.

धोंडीचं तोंड गुडदाणीनं भरलेलं. ती हसत हुती का रडत हुती, कळायला मारग न्हवता. दोन्ही बी असंल. मी इचारलं, का गं थांबलीस मागं? तर तोंडातला घास तसाच ठिवून म्हणली, "बघायचं हुतं, कोण वळतंय."

नथू भगत डफ धरून उभाच. आमी समद्यांनी त्याच्याकडं बघितलं. देवी माघारी आली का गेली, ते त्यानंच सांगायचं. त्यानं आईकडं बघितलं, लेकीकडं बघितलं, सुपातला नारळ उचलून काखंत घातला.

"गेली," त्यो म्हणला. "देवीला असं कोण मारतंय?"

त्या दिशी मी अशी फोडणी दिली की शेजारचं घर खोकत भाईर आलं. न्हाव्याला आवतान धाडलं, तिघांच्या दाढ्या उतरल्या आन आबा एकदम धाकटं दिसायला लागलं. माझी डबी मिळाली. भाऊजींना वहाण मिळाली, पर एक झिजून पातळ आन एक कोरी, त्यामुळं बिचारा दिवाळीपत्तुर लंगडत हुता. पुढच्या खेपंला टोचणारा आला तवा आबा कणगीच्या झाकणावर न्हाई, गावच्या येशीत उभं हुतं. गावातली समदी पोरं हाकत त्याच्यापुढं आणली त्यांनी.

पोर काय एका दिसात पहिल्यासारखी झाली न्हाई. ताप उतरला म्हणून भ्या उतरतंय व्हय? मधीच कावरीबावरी व्हायची, ढग गडगडला, कुणी शेजारचं गावाला निघालं, की तिचा चेहरा उतरायचा. मग ती शेळ्या तशाच सोडून घरात यायची, आईच्या म्होरं उभी ऱ्हायची आन म्हणायची, "आई, मला जरा रागं भर."

आन विठाबाई हातातलं काम बाजूला ठिवायची, कमरेवर हात ठिवायची, आन तिला पोटभर रागं भरायची.